सानिकेचा हातगुण

हातगुण वगैरे काही नसतो. हे मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई म्हणून सांगते, आणि इतकी वर्षं कोचरेकरांची हॅचरी चालवणारी बाई म्हणूनही सांगते. तरी ज्या दिवशी सानिकेनं परातीत हात घातला आणि पाण्यातले किडे तिच्या बोटांभोवती पिंगा घालायला लागले, त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सानिका म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेली, कॉमर्सवाली, किड्याला हात लावायच्या आधी ओढणी सावरणारी.

आमची हॅचरी आचऱ्याच्या बाजूला, खाडीच्या काठावर. आम्ही कोळंबीचं बी तयार करतो, म्हणजे बारीक पिल्लं, जी पुढे लोक आपापल्या तळ्यांत वाढवतात. कोळंबीच्या माद्यांनी भरपूर अंडी द्यायला हवी असतील तर त्यांना एक खुराक लागतोच, तो म्हणजे खाडीच्या चिखलातला किडा. गांडुळासारखा लांब, पण दोन्ही अंगांना पायांची झालर असलेला. पूर्वी ओहोटीच्या वेळी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, चिखल उकरून हे किडे काढत. मग खाजणं इतकी ओरबाडली गेली की खणायला बंदी आली, आणि बाहेरून मागवलेल्या किड्यांबरोबर रोग आले. तेव्हापासून जो तो टाकीत किडे वाढवायच्या मागे लागला. आमच्याकडे ते मी सुरू केलं. नवरा उमेश पंप आणि पाइप बघतो, दीर दर्शन, म्हणजे सानिकेचा नवरा, गिऱ्हाईकं बघतो, आणि सासूबाई आम्हा सगळ्यांकडे बघतात.

ह्या किड्यांचं लग्न आयुष्यात एकदाच. वयात आला की किडा जेवण सोडतो. त्याची आतडी विरून जातात, डोळे फुगून मोठे होतात, पायांना वल्ह्यांसारखी पाती फुटतात. पौर्णिमा सरली की काळोखात चिखलातून वर येऊन तो पोहायला लागतो. मादी पाण्यात काहीतरी सोडते. नराला त्याचा वास लागला की तो वेड्यासारखा तिच्याभोवती गोल गोल फिरतो आणि दुधासारखं रेत सोडतो. त्या दुधाच्या वासानं मादी अंडी सोडते. थोडक्यात खेळ आटोपतो आणि दोघंही मरतात. ज्या नराला वास लागला नाही तो नुसताच पोहून पोहून मरतो.

आमच्या हॅचरीत छताला एलईडीचा चंद्र आहे. तो टायमरवर उगवतो, टायमरवर मावळतो, त्यामुळे पौर्णिमेनंतरचा काळोख आम्ही भर दुपारीही पाडू शकतो. पण मादीनं सोडलेलं ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे आमच्या खाडीतल्या किड्यांच्या बाबतीत तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ह्या किड्यांत जातीगणिक वास वेगळा असतो. मी आपली माद्यांच्या टाकीतलं तांब्याभर पाणी नरांच्या परातीत ओतायची. ती टाकी कोमट ठेवावी लागते, म्हणून ते पाणीही कोमट असायचं. तेवढ्यानं काम होत होतं. त्याला कोणी कधी गुण म्हटलं नाही.

आता ही परात कशाला, तर कोचरेकरांची पूर्वी रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जाळं होडीत चढवायच्या आधी घरच्या सुनेनं त्याला हात लावायचा, अशी घरची रीत. रापण बंद पडली, पण रीत हॅचरीत शिरली. नर परातीत काढले की घरच्या सुनेनं पाण्यात हात बुडवायचा. ह्याला आमच्याकडे 'हात देणं' म्हणतात. इतकी वर्षं हात मी दिला. किडे माझ्या हाताकडे ढुंकूनही बघत नसत, मग मी तांब्या ओतायची आणि ते कामाला लागायचे. पण मान माझा होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडत होता.

सानिकेला पाचवा महिना लागला तेव्हा सासूबाईंनी चहा पिता पिता निकाल दिला. "ह्या खेपेक हात सानिका देतला. पोटुशीचो हात. विशाखा, तू तिच्या हातार पाणी घाल."

मी साधं, गार पाणी घातलं. मोठ्या जावेनं तांब्या घेऊन उभं राहायचं आणि धाकटीनं हात पुढे करायचा. सानिकेनं परातीत हात बुडवला. क्षणभर काही झालं नाही आणि मला बरं वाटलं. मग दोन-तीन नर वळले. मग आणखी. तिच्या करंगळीभोवती एक बारीकसं वर्तुळ तयार झालं आणि त्यात पांढरा धूर उठल्यासारखं दूध पसरलं. माद्यांचं पाणी नाही, काही नाही!

"इली! लक्ष्मी इली!" सासूबाई ओरडल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या त्यांना 'शिरां पडो त्या किड्यांवर' म्हणत होत्या.

सहाव्या महिन्यात तर परातीतले निम्मे नर उठले. दुधाळ पाणी माद्यांच्या टाकीत ओतल्यावर सगळ्या माद्यांनी एकदम अंडी सोडली. किड्यांचं इतकं चांगलं बी आम्हाला त्याआधी मिळालं नव्हतं. दर्शन मोबाईलवर फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवत सुटला. शेजारपाजारच्या बायका सानिकेचा हात हातात घेऊन बघायला लागल्या. एकीनं तर आपल्या म्हशीच्या पाठीवर तो फिरवून घेतला.

मी जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही. माझं जेवण तुटलं, डोळे मात्र टक्क उघडे, अगदी वयात आलेल्या किड्यासारखे. ती हसली की वाटायचं मलाच हसते. ती पाय वर घेऊन बसली की वाटायचं मिरवते. उमेशही एकदा म्हणाला, "काय पण म्हण, पोरीच्या हातात कायतरी आसा." त्या दिवशी मी त्याच्या भाजीत मीठ घातलं नाही.

आणि मी शास्त्र शिकलेली बाई, तेव्हा माझं जळणंही शास्त्रीय होतं. प्रत्येक वेळी परातीतलं पाणी मी बाटलीत भरून, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवत होते. पुरावा म्हणून. आधी मी म्हटलं, हिचा साबण. भर हॅचरीत, चार माणसांसमोर, तिला साध्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. नर उठले. मग म्हटलं बांगड्या. पोटुशी बाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मी उतरवायला लावल्या, सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. नर उठले. मग केसांचं तेल, मग हातावरची मेंदी. सानिका मुकाट्यानं सगळं करायची. तिचे पाय सुजलेले असायचे, ती खुर्ची ओढून बसून हात धुवायची.

"ताई, तुम्हाला आवडत नसेल तर मी नाही देत हात," एकदा ती हळूच म्हणाली.

"माझ्या आवडीचा काय संबंध? हे शास्त्र आहे," मी म्हटलं.

घरात सगळ्यांना कळून चुकलं की मोठीच्या पोटात दुखतंय. माझं हे वागणं नंतर किती महागात पडणार आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेआधी रत्नागिरीच्या संशोधन संस्थेतून एक डबी आली. तिथल्या लोकांनी वर्षभर आमच्याकडून नर नेले होते. नराच्या डोक्यावरच्या बारीक मिशांत वास ओळखणारं एक प्रथिन असतं. ते त्यांनी वेगळं काढून एका पातळ पडद्यावर बसवलं होतं. पडद्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. नराला ज्या वासानं भूल पडते तो पदार्थ त्यात असला की मोबाईलवर रेघ वर चढते. जितका पदार्थ जास्त तितकी रेघ उंच. आमच्यासारख्या दोन-चार हॅचऱ्यांना त्यांनी ते वापरून बघायला दिलं होतं. त्याला त्यांनी मोठं संस्कृत नाव दिलं होतं, मी त्याला नाकाडं म्हणायची.

डबीबरोबर संस्थेतल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या जातीचा वास सापडला. हसाल तुम्ही. युरिक ॲसिड."

मी हसलेच. जगातला सगळ्यात गुप्त प्रेमाचा निरोप म्हणून ज्याच्यामागे माणसं धावली, ते हे! आमच्या उमेशच्या मामांचा अंगठा ज्यानं सुजतो, डॉक्टर ज्याच्यापायी डाळ बंद करतात, तेच युरिक ॲसिड. शरीरातला कचरा. माणूस तो लघवीवाटे टाकतो, थोडा घामातूनही जातो. माझ्याही घामात असणार, पण तेवढ्याला नर भीक घालत नाहीत.

सातव्या महिन्याचं हात देणं तीन दिवस चालायचं होतं, कारण माल भरपूर होता. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही चंद्र मावळवला. सानिकेनं बोटं पाण्याला टेकवली मात्र, परात उकळायला लागली. एकही नर मागे राहिला नाही. बघायला आलेल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. सानिका हसली आणि मग कपाळ दाबत म्हणाली, "डोकं किती दुखतंय." सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली. सगळ्यांचे डोळे थयच." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या परातीतल्या पाण्याचा थेंब नाकाड्यावर टाकला. रेघ सरळ वर गेली.

सापडला चोर! मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. हातगुण म्हणे! बाईच्या घामात कचरा आहे नुसता. आता जेवताना, सगळ्यांची पानं वाढून झाली की, शांतपणे सांगायचं: आई, तुमच्या लक्ष्मीच्या हातात गुण नाही, लघवीतला क्षार आहे. मी ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. मग पुरावा पक्का करायला फ्रीझरमधल्या जुन्या बाटल्या काढल्या.

पाचव्या महिन्याची रेघ बुटकी होती. सहाव्याची तिच्या दुप्पट-तिप्पट. कालची तर पडद्यात मावत नव्हती. आणि मी कितीही मत्सरी असले तरी मूर्ख नाही. एखाद्याच्या शरीरातून कचरा बाहेर पडणं असं महिन्या-महिन्यानं बदलत असेल, तर आत काहीतरी बिघडतंय. सुजलेले पाय. डोकेदुखी. माझा आनंद तिथल्या तिथे गळून पडला.

कुडाळला माझी कॉलेजातली मैत्रीण शिल्पा बाळंतपणाची डॉक्टर आहे. तिला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं.

"तुझ्या किड्यांचं मला काही कळत नाही," ती म्हणाली, "आणि घामावरून मी औषध देत नाही. पण गरोदर बाईचं युरिक ॲसिड असं चढत असेल, पायावर सूज असेल आणि डोकं दुखत असेल, तर मी तिला आज बघेन. बीपी एकाएकी चढतं अशा बायकांचं. झटके येतात. आई आणि मूल दोन्ही जाऊ शकतात. मागच्या तपासणीत काय होतं?"

"सगळं नॉर्मल."

"मागच्या महिन्याचं नॉर्मल मागच्या महिन्यात. आज घेऊन ये, विशाखा. उद्या नको."

मी धावत घरात गेले. सगळी माणसं पानावर बसली होती. आणि मी सांगितलं, पण जे पाठ करून ठेवलं होतं तेच आधी तोंडातून बाहेर पडलं. "हातगुण काही नाही तिच्या हातात. लघवीतला क्षार आहे तो. युरिक ॲसिड. मशीनवर दिसतंय."

सगळ्यांचे घास हातात राहिले. सानिकेनं आपला हात ताटाखाली घेतला, लपवावा तसा.

"वयनी, आता पुरे कर," दर्शन म्हणाला. "साबण झालो, तेल झाला, बांगडये झाले. आता मुताक इलंस?"

"अरे, ऐक तरी! ते वाढतंय. तिला आजच्या आज कुडाळला न्यायला हवं. शिल्पा म्हणते..."

"शिल्पाक कोणी सांगल्यान? तूच मां?" सासूबाईंनी विचारलं. "तुझ्या पोटात दुखता ता माका पयल्या दिवसापासून ठावक आसा. आज हात देवचो आसा म्हणान तिका कुडाळाक धाडतंस. तीन दिवस होवंदेत. मगे जाऊदे खय जावचा तां."

मी सासूबाईंचं बीपीचं मशीन आणलं. सानिकेच्या दंडाला गुंडाळलं. आकडा आला तो थोडासा वर, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. "माजा रोज ह्याच्यापेक्षा जास्त आसता," सासूबाई म्हणाल्या आणि मशीन उचलून घेऊन गेल्या. उमेश माझ्याकडे बघत नव्हता.

"ताई, मला बरं वाटतंय," सानिका म्हणाली. "डोकं काय, रात्री झोप नाही झाली." तिच्या आवाजात राग नव्हता. दया होती. ते माझ्या जिवाला फार लागलं.

मी हॅचरीत येऊन पालथ्या बादलीवर बसले. खरं सांगणारी मी एकटी, आणि माझ्या तोंडावर विश्वास ठेवणारं कोणी नाही, आणि हे मीच करून ठेवलेलं. दोन तास होते चंद्र मावळायला. सानिकेला फसवून गाडीत घालणं शक्य नव्हतं. घरच्यांना घाबरवून झालं होतं. मग एकच वाट उरली, आणि ती मला मुळीच नको होती. माझं खरं कोणी ऐकत नव्हतं, पण सानिकेची स्तुती सगळे ऐकत होते.

बायका जमल्या तेव्हा मी लुगड्यासारखी दिसणारी माझी एकुलती एक काठापदराची साडी नेसून आले. हातात हळदकुंकवाची कोयरी.

"आई," मी म्हटलं, "मी चुकले. रागाच्या भरात वाटेल ते बोलले. मशीननं दाखवलं ते खरं असं की सानिकेच्या हातात जे आहे ते दुसऱ्या कोणाच्याच हातात नाही. माझ्या तर नाहीच."

"मोठ्यान सांग," सासूबाई म्हणाल्या. "चार जणांत सांग."

मी मोठ्यानं सांगितलं. "हातगुण सानिकेचा." एवढे दोन शब्द, पण मला ते मिरी चावल्यासारखे झोंबले. मग मी तिचा उजवा हात हातात घेतला, त्यावर हळदकुंकू लावलं. हात फुगलेला होता, बोट दाबलं तिथे खळगा राहिला. तो खळगा बघून मला धीर आला, म्हणजे खोटं बोलायचा धीर.

"संस्थेचे लोक आज कुडाळला आलेत. त्यांना ह्या हाताच्या माणसाचं रक्त तपासायचंय, म्हणजे हा गुण कोचरेकरांच्या नावावर नोंदला जाईल. आजच, गुण असा भरात असताना. उद्या दुसऱ्या कोणाची सून त्यांनी शोधली तर आपण बसू हात चोळत."

सासूबाईंनी जमलेल्या बायकांकडे बघितलं. त्यांतल्या दोघींच्या घरी पोटुश्या सुना होत्या. "आणि आजचो हात?"

"आज उमेश तांब्या ओतेल. गाडी मी चालवते."

"जावा तर!" त्या म्हणाल्या. "दर्शना, तू पण जा. कागदार नाव नीट घालूक सांग."

कसालच्या पुढे सानिकेनं सीटवर मान टाकली. "ताई, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." दर्शनचा चेहरा पांढरा पडला. मी गाडी किती वेगानं हाकली ते आठवत नाही. शिल्पा दारातच उभी होती. तिनं बीपी घेतलं, लघवी तपासली आणि लगेच सानिकेला आत नेलं.

मुलगी झाली. दोन महिने आधी, तळहातात मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली होती. शिल्पा बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आजची रात्र घरी काढली असती तर कठीण होतं." दर्शन माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला ढकलून दिलं. मला रडू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या रडण्यात थोडं हेही होतं की आता तरी ह्यांना कळेल मी बरोबर होते.

कळलं नाही. घरी बातमी अशी पोचली की सानिकेच्या हाताचा गुण इतका जबर, की डॉक्टरांनीसुद्धा धावपळ केली. त्यात उमेशच्या हातून त्या दिवशी तांब्या भलत्याच टाकीतून भरला गेला, नर उठले नाहीत, बी बुडालं. मग तर सासूबाईंची खात्रीच पटली. दर्शनला मी खरं सांगायला बघितलं. तो म्हणाला, "वयनी, तुझे उपकार विसरूचंय नाय. पण आता तरी तिच्या हाताक नावां ठेव नको."

दवाखान्यात एकदा, मुलीला पेटीतून पहिल्यांदा छातीशी दिली होती तेव्हा, सानिकेनं नुसतं विचारलं, "ताई, ते संस्थेचे लोक रक्त घ्यायला आलेच नाहीत?"

"येतील," मी म्हटलं.

सानिका आणि बाळ घरी आली. मुलीचं नाव ठेवलं इरा. आणि सासूबाईंनी पहिल्या पौर्णिमेला पुन्हा परात मांडायला सांगितली. आता बाळंतिणीचा हात, तो किती भारी, अशी गावभर बोलवा. मला मात्र ठाऊक होतं काय होणार ते. मी गुपचूप सानिकेच्या रुमालावरचा घाम नाकाड्यावर तपासला होता. रेघ झोपलेली होती. ती बरी झाली होती, आणि बऱ्या माणसाच्या हाताला नर भीक घालत नाहीत.

तर पडू दे उघडं, असं मला वाटलं. फार वाटलं. सगळ्या बायकांसमोर तो प्रसिद्ध हात परातीत बुडेल, नर आपापल्या वाटेनं पोहत राहतील, आणि मी कोपऱ्यात तांब्या घेऊन उभी असेन. ह्या चित्रावर मी आठवडाभर जगले.

मग आदल्या दिवशी सासूबाई इराला तेल लावताना म्हणाल्या, "बघूया आता. चेडू झाला. पायगुण कसो आसा तो उद्या कळतलो."

माझंही चेडूच, म्हणजे मुलगीच. ऋता झाली त्या वर्षी आमच्या कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता. सगळ्या खाडीवर आला होता. पण ह्या घरात ऋता पांढऱ्या पायाची ठरली. ती शाळेत जायला लागेपर्यंत तिला हॅचरीच्या उंबऱ्याच्या आत घेत नसत. आज ती रत्नागिरीला होस्टेलला आहे, सुट्टीत आली तरी टाक्यांकडे फिरकत नाही. मी तेव्हा काही बोलले नव्हते, कारण बोलून काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी हॅचरी भरून गेली. सानिका इराला मांडीवर घेऊन परातीपाशी बसली. टायमरवर चंद्र मावळला. मंद लाल दिव्यात परातीतले नर रेघोट्यांसारखे सरकत होते. सासूबाई म्हणाल्या, "विशाखा, पाणी घाल."

मी तांब्या घेऊन पुढे झाले. सानिकेनं उजवा हात पुढे केला. मी तिच्या मनगटाखाली माझा डावा हात धरला आणि कोमट पाणी ओतलं, बोटांच्या बेचक्यांतून सावकाश, थेंबही वाया जाऊ न देता.

सानिकेनं मान वर केली. ती आता दीड वर्ष त्या टाक्यांमध्ये वावरत होती. हात धुवायचं पाणी गार असतं आणि कुठल्या टाकीतलं कोमट असतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

"ताई," ती फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "रिपोर्टवर होतं लिहिलेलं. युरिक ॲसिड. मी तेव्हाच वाचलं."

मी तांब्या खाली ठेवला. तिला सगळं माहीत होतं. तरी महिनाभर ती गावाकडून हातावर हळदकुंकू लावून घेत होती! ह्याचाही मला रागच आला आधी.

"घाल आता हात," मी म्हटलं. "इराच्या आजीला बघू दे पायगुण."

सानिकेनं हात पुढे नेला, आणि पाण्याला टेकायच्या आधी थांबली. "आई," ती मोठ्यानं म्हणाली, "आज मी एकटी नाही देणार. ताईंचा पण हात हवा."

"तिचो कित्याक?" सासूबाई म्हणाल्या.

"त्या नसतील तर मी नाही देत." तिनं माझा डावा हात धरला, तोच, ओला झालेला, आणि आपल्याबरोबर परातीत बुडवला.

नर वळले. एक, मग चार-पाच, मग सगळी परात. दोन्ही हातांभोवती वर्तुळं झाली, बोटांच्या मधून गुळगुळीत अंगं घसरत गेली आणि पाण्यात दूध पसरलं. बायकांचा गलका झाला. सासूबाईंनी इराला उचलून तिच्या तळपायांचे मुके घेतले. "लक्ष्मीच्या पायाचा माझा चेडू!" इरा दचकून रडायला लागली.

इतकी वर्षं मी त्या परातीत हात घातला, पण नर माझ्या हाताभोवती पहिल्यांदाच फिरत होते. ते का फिरतायत हे तिथे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पाणी मीच ओतलं होतं. तरी मला हात बाहेर काढवेना. सानिकेनं पाण्यातच माझं बोट दाबलं, आणि मी तिचं.

आणि तेवढ्यातही, त्या लाल उजेडात, मी वाकून बघितलं कोणाच्या हाताभोवती जास्त आहेत ते. माझ्याकडे जास्त होते. निदान मला तरी तसं दिसलं.